मोट, बैल आणि कर्ता पुरुष : देशावरील कुणबी संसाराचा इतिहास

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पाऊस ओसरत जातो आणि पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांच्या पूर्व भागांत तो इतका अनिश्चित होतो की, या पट्ट्याला भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश असे नाव मिळाले आहे. या मुलखातील शेतीचा इतिहास सारा, कर्ज, दुष्काळ आणि कायदे यांच्या अंगाने भरपूर लिहिला गेला. मात्र ज्याच्या राबण्यावर ही सारी रचना उभी होती, त्या कुटुंबवत्सल कुणब्याचे, म्हणजे स्वतःच्या घरच्या माणसांच्या बळावर जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याचे, रोजचे जीवन त्या इतिहासात ओझरतेच आले. त्याच्याविषयीची कागदपत्रे कमी नाहीत. सरकारी दप्तरात त्याची जमीन आहे, सावकाराच्या वहीत त्याचे देणे आहे, कोर्टाच्या निकालांत त्याचे गहाणखत आहे. त्याचे श्रम मात्र कोणत्याच रकान्यात नोंदवलेले नाहीत, आणि म्हणून ते समजून घ्यायचे तर त्याच्या विहिरीकडे, अवजारांकडे, बैलांकडे आणि घरातल्या बायकांच्या ओव्यांकडे वळावे लागते.

कागदावर या माणसाचे नाव ठळकपणे उमटू लागले ते इंग्रजी अमलात. १८३६ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीच्या मोजणीची आणि प्रतवारीची जी पद्धत घालून दिली, तिच्यात प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, त्याच्यावर तीस वर्षांपुरता सारा ठरला आणि तो भरण्याची जबाबदारी थेट त्या शेताच्या खातेदारावर टाकण्यात आली. हीच रयतवारी पद्धत होय. खातेदार म्हणून लागणारे नाव बहुधा घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाचे असे. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची, म्हणजे जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे हे गावपातळीवर लिहून ठेवण्याची, पद्धत सुरू झाली आणि भावाभावांच्या सामाईक जमिनीवर थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे येऊ लागली. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असा त्यांचा अर्थ. घरातील सर्वांच्या वतीने सारा भरणारा, कर्ज काढणारा, लग्ने जमवणारा, धाकट्यांची शिक्षणे किंवा नोकऱ्या मार्गी लावणारा आणि त्यासाठी स्वतः सर्वांच्या आधी उठून रानात जाणारा, असा हा कर्ता पुरुष दप्तरात या तीन अक्षरांत मावला आहे. ए.कु.मॅ. नोंदी असलेले जुने सातबारे आजही तलाठ्याच्या दप्तरात सापडतात आणि त्यांवरून कितीतरी वाटण्यांचे वाद कोर्टात चालू असतात.

या कर्त्याच्या वाट्याला आलेली जमीन पिढीगणिक कमी होत गेली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १७७१ साली सरासरी चाळीस एकरांचे असलेले खाते १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आल्याचे दिसून आले. गावातील १५६ जमीनधारकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एकराच्या आतले होते. या आकड्यांचा अर्थ शेतकऱ्याच्या दिवसाच्या भाषेत सांगायचा तर असा की, एका कर्त्याला सकाळी गावाच्या एका शिवेवरचे रान कुळवून दुपारी औत बैलांच्या जुवावर टाकून दुसऱ्या शिवेवर जावे लागे आणि त्या ये-जा करण्यात बराच वेळ वाया जाई. तरीही वाटणी करताना प्रत्येक भाऊ प्रत्येक रानातला तुकडा मागत असे, आणि त्यामागे अडाणीपणा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एक रान काळे व खोल, दुसरे मुरमाड, तिसरे ओढ्याकाठचे; पाऊस कमी झाला तर एक पिकते आणि जास्त झाला तर दुसरे. सर्व प्रकारच्या रानांत थोडा थोडा वाटा असणे हाच अशा मुलखात तगून राहण्याचा मार्ग होता. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याला गावोगाव जो विरोध झाला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी याच हिशेबात शोधावे लागते.

पावसावरच्या जिराईत रानाने घराला ज्वारी-बाजरी दिली, पण रोख पैसा, हिरवा चारा आणि दुष्काळात तग धरण्याचे बळ दिले ते विहिरीच्या पाण्याने. जुन्या महसुली भाषेत बागायतीचे दोन मुख्य प्रकार होते : बंधाऱ्याच्या किंवा ओढ्याच्या पाटाने भिजणारे ते पाटस्थळ आणि विहिरीवर मोट चालवून भिजणारे ते मोटस्थळ. मोट म्हणजे विहिरीतून बैलांच्या साह्याने पाणी ओढून काढण्याची मोठी कातडी पिशवी. ती फार जुनी आहे. तेराव्या शतकातील अरणगावच्या सावता माळी यांच्या नावावर असलेल्या अभंगांतही तिचा उल्लेख येतो. साताऱ्याजवळ लिंब येथे शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेली दगडी विहीर बारा मोटांची विहीर म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यावर एकाच वेळी बारा मोटा चालण्याची सोय होती आणि आमराईला पाणी देण्यासाठी ती बांधली गेली. तिच्यावर शिलालेख आहे, तिचे शिल्प पाहायला लोक दुरून येतात. सामान्य कुणब्याने आपल्या मळ्यात खणलेल्या विहिरीवर असा लेख कोरलेला नसे, आणि महाराष्ट्रातील बागायतीचा खरा पाया या बिननावाच्या विहिरींचा आहे.

मोटेची रचना दिसायला साधी, पण फार विचारपूर्वक बसवलेली होती. विहिरीच्या काठावर पाण्याच्या बाजूला झुकलेले भक्कम लाकडी खांब रोवून त्यांच्या वरच्या टोकाला मोठे चाक बसवलेले असे आणि त्याच्या खाली, काठाशी, एक लाटण्यासारखा फिरता लाकडी कणा असे. मोटेच्या तोंडाच्या लोखंडी कड्याला बांधलेला जाड दोर, त्याला नाडा म्हणत, वरच्या चाकावरून येई. मोटेच्या खालच्या अंगाला कातड्याची लांब नळी असे, तिला सोंड म्हणत, आणि तिच्या टोकाला बांधलेला बारीक दोर, म्हणजे सोंदूर, खालच्या कण्यावरून येई. हे दोन्ही दोर बैलांच्या जुवाला जोडलेले असत. मोट पाण्याखाली बुडून वर येताना सोंड दुमडून मोटेच्या तोंडाच्या बरोबरीने उभी राही, त्यामुळे पाणी सांडत नसे; मोट वर आली की सोंदूर सोंडेला पुढे ओढी आणि विहिरीच्या काठावरच्या दगडी कुंडात, थारोळ्यात, पाणी आपोआप ओतले जाई. थारोळ्यातून ते पाटाने रानात जाई. मोट रिती करायला विहिरीच्या तोंडाशी वेगळे माणूस लागत नसे, ही या रचनेतली खरी हुशारी होती. एक माणूस बैल हाकायला आणि एक माणूस रानात पाणी वळवायला एवढ्या बळावर मळा भिजे.

बैल ज्या उतरत्या वाटेवरून चालत, तिला धाव म्हणतात. विहिरीची खोली जेवढी, तेवढी धावेची लांबी. मोट भरली की बैल धावेच्या उतारावरून खाली जात आणि मोट वर येई. या वेळी मोटकरी, म्हणजे मोट हाकणारा माणूस, ताणलेल्या नाड्यावर बसून आपले वजन बैलांच्या मदतीला देई. मोट रिती झाली की तो उतरे आणि बैलांना उलट पावली, मागे मागे सरकवत, धावेच्या चढावरून पुन्हा विहिरीच्या तोंडाशी आणी. बैलाला मागे चालायला शिकवणे सोपे नसते आणि ते बळजबरीने होत नाही. नवीन खोंड आधी मोटेच्या सवयीच्या बैलाशेजारी जुंपून, दिवसेंदिवस गोंजारत त्याला ही चाल लावावी लागे. मोटेची गाणी या कामासाठीच होती. बैलांच्या पावलांचा, नाड्याच्या करकरीचा आणि पाणी ओतले जाण्याचा जो एक ठेका असतो, त्यावर ती गायली जात, आणि गाणे थांबले की बैलही थबकत, असे जुने शेतकरी सांगत.

या कामाचे ओझे किती होते याचा साधा हिशेब मांडता येतो. मध्यम आकाराच्या मोटेत सुमारे दीडशे लिटर पाणी येते असे धरले आणि एका एकरावर दोन इंच पाणी द्यायचे ठरवले, तर त्यासाठी दोन लाख लिटरांहून थोडे जास्त, म्हणजे साडेतेराशेच्या आसपास मोटा ओढाव्या लागतात. विहीर तीस फूट खोल असेल तर तेवढ्या मोटांसाठी बैलांना आणि त्यांच्याबरोबर माणसाला साधारण पंचवीस किलोमीटर चालावे लागते, आणि त्यातले निम्मे अंतर बैल पाठीमागे सरकत कापतात. दीड मिनिटाला एक मोट असा वेग ठेवला तरी एका एकराच्या एका पाण्याला चौतीस तास लागतात. माणूस आणि बैल दोघांचाही दम धरून रोज सात-आठ तास मोट चालवायची म्हटली, तर हे चार-पाच दिवसांचे काम झाले, आणि उसाला किंवा हळदीला उन्हाळ्यात आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा पाणी लागे. एक-दोन एकरांपलीकडे मोटेवरचा ऊस फारसा जात नसे, याचे कारण या हिशेबात आहे. पहाट फुटण्याआधी मोट जुंपायची, ऊन चढले की सोडायची, बैलांना वैरण-पाणी करायचे, उतरत्या उन्हात पुन्हा जुंपायची आणि दिवेलागणीला घरी यायचे, हा क्रम सुगीच्या आणि पेरणीच्या दिवसांखेरीज महिनोन्‌महिने चाले. राबणे हा शब्द मराठीत ज्या वजनाने उच्चारला जातो, त्या वजनाचे मोजमाप कोठे असेल तर ते या धावेवर आहे.

हे पाणी बहुधा एकट्याचे नसे. वाटणी झाली की जमिनीबरोबर विहीरही वाटली जाई. कोणाची चार आण्यांची विहीर, कोणाची दोन आण्यांची, असे हिस्से पडत आणि रुपयाच्या सोळा आण्यांच्या हिशेबाने ते सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लिहिले जात. त्या हिश्शाप्रमाणे पाण्याची पाळी ठरे. चुलतभावाची पाळी संपून आपली सुरू होण्याची वेळ अपरात्री आली तरी ती चुकवता येत नसे. भाऊबंदकीचे निम्मे वाद विहिरीच्या काठावर उगवले हे खरे. पण त्याच काठावर शेकडो घरांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची पाळी पाळली हेही तितकेच खरे आहे, आणि कोर्टाच्या कागदांत केवळ पहिली गोष्ट दिसते म्हणून दुसरी विसरणे बरोबर होणार नाही.

कर्त्याच्या श्रमांमागे गावातील इतरांचे श्रम होते, आणि त्यांना मिळणारा मान मात्र अतिशय विषम होता. मोटेसाठी कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे, शिवण्या-दुरुस्तीचे काम चांभारांकडे, नाडा, सोंदूर आणि कासरे वळण्याचे काम मांग समाजाकडे, चाक-कणा आणि नांगर-पाभर घडवण्याचे सुतारांकडे व फाळ शेवटण्याचे लोहारांकडे असे. गावागावांत या वाटणीत थोडा फरक पडे. विहीर खणताना कातळ फोडण्याचे जिवावरचे काम बहुतेक ठिकाणी वडार समाजाने केले. कामाच्या मोबदल्यात सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा जो ठरलेला वाटा मिळे, त्याला बलुते म्हणत, आणि त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशील सापडतात. ज्या हातांनी मोट शिवली आणि नाडा वळला, त्यांच्यापैकी अनेकांना त्याच विहिरीचे पाणी स्वतःच्या हाताने काढता येत नव्हते. कष्टाळू कुणब्याची आठवण प्रामाणिकपणे ठेवायची असेल, तर त्याच्या मळ्याच्या हिरवेपणात हा अन्यायही मिसळलेला आहे हे मान्य करूनच ती ठेवली पाहिजे.

बैलांविषयी स्वतंत्र लिहिण्याची गरज आहे. माणदेशातील आटपाडी, सांगोला या भागांतील खिलार जातीचा बैल चपळ, काटक आणि कमी वैरणीवर टिकणारा म्हणून नावाजलेला; त्याच्या खरेदीसाठी खरसुंडीच्या यात्रेसारखे बाजार भरत आणि चांगल्या जोडीसाठी शेतकरी दोन-तीन दिवसांची पायपीट करी. परंतु लहान खातेदाराला पूर्ण जोडी बाळगणे परवडत नसे. काळ्या खोल रानाची नांगरट करायला लाकडी नांगराला सहा-आठ बैल जुंपावे लागत, आणि एवढे बैल तर बऱ्या घरांतही नसत. या अडचणीतून काही प्रथा घडल्या. एक-एक बैल असलेल्या दोन शेतकऱ्यांनी बैल एकत्र करून आळीपाळीने दोघांची रानं कसायची, याला पैरा म्हणत. आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी, अशी श्रमांची फेड म्हणजे सावड. आणि एखाद्याचे काम खोळंबले असेल तर सारी आळी आपापली औते घेऊन एका दिवसात ते उरकून देई आणि घरधनी सर्वांना जेवू घाली, त्याला इर्जिक म्हणत. कष्टाळू माणसाची गावातली पत या व्यवहारांत ठरे. जो दुसऱ्याच्या रानात आपल्याच रानासारखे राबे, त्याला पैरेकरी मिळण्यात अडचण येत नसे; जो अंग चोरी, त्याचे रान मृगाचा पाऊस पडून गेल्यावरही पडून राही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बनवायला घेतलेला आणि पुढे १९१० पासून औंध संस्थानातील कुंडलजवळच्या किर्लोस्करवाडीत मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलेला लोखंडी नांगर या श्रमांत मोठा बदल घडवून गेला. हरळी आणि कुंद्यासारखी चिवट तणे मुळासकट उपटणे त्यामुळे शक्य झाले. लोखंडाने जमीन नासेल या समजामुळे सुरुवातीला शेतकरी त्याकडे संशयाने पाहत, पण एकदा शेजाऱ्याच्या रानातील पीक डोळ्यांनी पाहिले की तो संशय टिकला नाही.

कर्ता हा शब्द पुल्लिंगी असला तरी मोटस्थळ बागायत पुरुषाच्या एकट्या बळावर कधीच चालली नाही. थारोळ्यातून आलेले पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवणे, याला दारे धरणे म्हणतात, आणि ते काम बहुतेक घरांत बायको किंवा वाढती मुले करीत. खुरपे घेऊन भांगलण, म्हणजे तण काढण्याचे काम, जवळजवळ पूर्णपणे बायकांचे. पहाटे नवरा मोट जुंपी तेव्हा घरात जात्यावर दळण सुरू झालेले असे, न्याहारीची भाकरी डोक्यावर घेऊन ती मळ्यात येई आणि भाकरी खाऊन झाली की पाटी बाजूला ठेवून वाफ्यात उतरे. घरात आणि गावात ती त्याचा उल्लेख 'कारभारी' म्हणून करी आणि तिला 'कारभारीण' म्हटले जाई. कारभार दोघांचा होता, जमिनीचा कागद मात्र एकाच्याच नावाचा. हा अन्याय ओळखून १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती हा कार्यक्रम हाती घेतला आणि शेतकऱ्यांना स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. अनेक गावांनी ते मनावर घेतले.

या माणसांची सर्वांत जिव्हाळ्याची नोंदही बायकांनीच ठेवली. जात्यावरच्या ओव्यांत माहेरच्या बापाच्या रानाचे, भावाच्या बैलजोडीचे, नांगरट आणि पेरणीचे वर्णन वारंवार येते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यात राहून अनेक वर्षे गावोगावच्या बायकांकडून अशा लाखभर ओव्या गोळा करून घेतल्या, आणि त्या संग्रहाकडे केवळ लोकसाहित्य म्हणून न पाहता शेतीच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहायला हवे. दप्तराने ज्या खातेदाराकडून साऱ्याचा हप्ता घेतला, त्याच माणसाला या ओव्यांत बाप म्हणून, भाऊ म्हणून, कंथ म्हणून चेहरा मिळाला आहे.

बाकी नोंदी देण्याघेण्याच्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव चढले तेव्हा सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, १८६७ पासून सुरू झालेल्या फेरजमाबंदीत सारा वाढला आणि जमिनी एकामागून एक गहाण पडू लागल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे जाळले आणि पाहता पाहता हा उठाव पुणे-नगरच्या अनेक गावांत पसरला. रोखे जाळणारे बहुतेक लोक घरसंसार सांभाळणारे, एरवी कोणाच्या अध्यात-मध्यात नसणारे शेतकरी होते, आणि त्यांचा राग माणसे मारण्यापेक्षा कागद नष्ट करण्यावर रोखलेला होता ही बाब त्या वेळच्या चौकशी आयोगालाही जाणवली. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांविषयीचा कायदा आला, ज्याने कर्जाच्या कागदामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याचे घर, अंगावरचे कपडे, जेवण आणि कर्ज यांचे जे बारकाईचे वर्णन आहे, ते याच पार्श्वभूमीवरचे होय.

विहीर खणायला लागणारा पैसा बहुधा कर्जाचाच असे. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी सरकारकडून विहीर, ताल-बांध, बी-बियाणे आणि बैल यांसाठी कर्ज देण्याची सोय केली. या कर्जाला तगाई म्हणत. शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने वा कष्टाने केलेल्या सुधारणेमुळे त्याचा सारा वाढवू नये, हे तत्त्वही मुंबई इलाख्याच्या महसूलपद्धतीत मान्य झालेले होते आणि विहिरी वाढण्यास त्याचा मोठा हातभार लागला. तरीही विहीर खणणे हा जुगारच होता. पाणाड्याने जागा दाखवायची, मुरूम संपून कातळ लागायचा, सुरुंगांना पैसा पुरायचा नाही, आणि मग दोन-तीन हंगामांच्या उत्पन्नावर एकेक परस खाली जात विहीर पुरी व्हायची. कित्येक विहिरी बापाने सुरू केल्या आणि मुलाने पाण्याला लावल्या. १८७६-७८ च्या आणि १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळांत ज्यांच्याकडे अशी विहीर होती, त्यांना निदान बैल जगवता आले. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांचे बैल गेले, आणि बैल गेल्यानंतर पाऊस पडूनही रान कसता येत नसे.

जमीन स्वतःची नसलेल्या कष्टकऱ्याची कथा आणखी खडतर आहे. अर्धेलीने किंवा खंडाने दुसऱ्याचे रान कसणाऱ्याला कूळ म्हणत. वर्षाच्या बोलीने घरकाम-शेतकाम करणारा तो सालगडी. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन ठरवण्यात आला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळे कायद्याने तिची मालक झाल्याचे मानले गेले. ज्याने आयुष्यभर परक्याच्या विहिरीवर मोट हाकली, त्याचे नाव प्रथमच खातेदाराच्या रकान्यात आले. सगळीकडे हे घडले नाही. पुष्कळ ठिकाणी कुळांना आधीच रानाबाहेर काढले गेले होते किंवा त्यांच्याकडून राजीनामे लिहून घेतले गेले होते, आणि सालगड्याला तर या कायद्याचा स्पर्शही झाला नाही.

मोटेचा शेवट इंजिनाने केला. सातारा आणि पुण्याच्या कारखान्यांत बनलेली कूपर व किर्लोस्कर तेल-इंजिने स्वातंत्र्यानंतरच्या काळात बागायती गावांत दिसू लागली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आणि त्याचे वीज मंडळ स्थापन झाल्यावर विजेचे पंप आले आणि साधारण पंधरा-वीस वर्षांत चामड्याच्याच काय, नंतर आलेल्या पत्र्याच्या मोटाही धावेवरून उतरल्या. जे काम करायला बैलजोडी आणि दोन माणसे यांचे चार-पाच दिवस जात, ते पंप काही तासांत करू लागला, ही सुटका लहान नव्हती. ज्यांनी मोट हाकली होती, त्यांच्यापैकी कोणीही ती परत यावी असे म्हणत नसे, आणि म्हणून मोटेच्या आठवणीला गतकाळाच्या गोडव्याचा रंग देणे त्यांच्या श्रमांशी प्रतारणा केल्यासारखे होईल. त्याचबरोबर पूर्वी जो खर्च अंगमेहनतीने आणि घरच्या वैरणीने भागे, तो आता तेलाच्या, विजेच्या आणि हप्त्याच्या रूपाने रोख द्यावा लागू लागला. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याने या रोख व्यवहाराला एक भक्कम आधार दिला. पण जेथे कारखाना आणि कालवा पोचला नाही, त्या माणदेश, जत, कर्जत-जामखेडसारख्या भागांत पंपाने विहिरीचा तळ लवकर गाठला.

१९७२ च्या दुष्काळाने हे उघडे पाडले. विहिरी आटल्या, पंप उभे राहिले, आणि चार-पाच एकरांचे धनी असलेले कर्ते पुरुष बायका-मुलांसह खडी फोडायला, नालाबांध आणि पाझर तलावांच्या कामांवर उतरले. रोजंदारीबरोबर मिळालेली सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो ही त्या पिढीच्या तोंडची दुष्काळाची नावे झाली. स्वतःच्या रानात राबणाऱ्या माणसाला सरकारी हजेरीपटावर अंगठा द्यावा लागणे हे त्या पिढीला फार लागले, परंतु त्या कामांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेला बळ मिळाले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून मागेल त्याला काम देणे राज्यावर बंधनकारक ठरले. ज्या श्रमांची नोंद शंभर वर्षे कोणी ठेवली नव्हती, ते श्रम प्रथमच दिवसांच्या संख्येत आणि घनमीटर मातीत लिहिले गेले.

त्या पिढीतला कर्ता गेला की वारसनोंदीचा फेरफार होतो, सातबाऱ्यावर त्याच्या नावाला कंस पडतो आणि खाली मुलांची नावे चढतात. १९९४ च्या महाराष्ट्रातील आणि २००५ च्या देशपातळीवरील वारसा कायद्यातील दुरुस्तीनंतर मुलींचा हक्कही मुलांच्या बरोबरीने लावावा लागतो. विहिरीचा हिस्सा तसाच आण्यांत उतरत येतो आणि आता तो इतका बारीक झाला आहे की, काही ठिकाणी एका विहिरीवर वीस-पंचवीस नावे सापडतात. पाळी आजही आहे. फरक एवढाच की ती बैलांच्या दमावर ठरत नाही, वीज कोणत्या वारी दिवसा आणि कोणत्या वारी रात्री येते यावर ठरते, आणि रात्रीची वीज असली की मोटर सुरू करायला आणि दारे धरायला घरातलेच कोणीतरी विजेरी घेऊन रानात जाते.